गव्हाबरोबर जंतूही दळले जातात

श्रावणातली गोष्ट. बाहेर चार दिवस झड लागलेली. दवाखान्यात एक भगिनी आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. दोन दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. बाळाला वरचे अन्न नुकतेच सुरू केले होते. ‘काय देता?’ असे विचारले तेव्हा त्या थोड्या अभिमानानेच म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, बाहेरचे काही देत नाही. घरच्या पिठाची पेज देते. गहूसुद्धा स्वच्छ धुवून दळलेला असतो.’

दुसऱ्या दिवशी बाळाच्या आजी पिठाचा डबा घेऊन आल्या. झाकण काढले आणि कुबट वास आला. पिठात बोटाएवढ्या गुठळ्या. चौकशी केली तेव्हा कळले, की गहू धुतला त्या दिवशी ऊन पडलेच नाही. दीड दिवस पंख्याखाली पसरला, वरून कोरडा दिसला म्हणून गिरणीत धाडला, आणि गिरणीतून आलेले गरम पीठ तसेच डब्यात भरून झाकण घट्ट लावले.

जलसंजीवनी आणि आईचे दूध यांच्या जोरावर बाळ चार दिवसांत सावरले. जुलाब त्या पिठानेच झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. बाटली, पाणी, हात अशी दहा कारणे असू शकतात. पण जाताना आजी जे बोलल्या ते मनाला लागले. त्या म्हणाल्या, ‘गहू धुवून घेत जा, असे तुम्हीच तर शिबिरात सांगितले होते.’

वाचकहो, ते खरे होते. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत ‘भाजी धुवा, हात धुवा, धान्य धुवा’ असे मी एका दमात सांगत आलो. धुण्यावर भर दिला आणि वाळवण्याविषयी अर्धे वाक्यही धड बोललो नाही. आजचा लेख ही त्या अपुऱ्या सल्ल्याची दुरुस्ती आहे.

दाण्यावर काय असते?

गहू शेतात उभा असतो तेव्हापासून त्याच्यावर जंतूंची वस्ती असते. माती, वारा, पक्षी, किडे, शेणखत, ओढ्या-नाल्याचे पाणी या सर्वांतून जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू दाण्यावर येऊन बसतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण त्यात कधी कधी जनावरांच्या व पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले साल्मोनेला किंवा ई. कोलाय यांच्यासारखे पोटाचे शत्रूही असतात. पुढे खळे, मळणी यंत्र, डांबरी रस्त्यावर पसरलेली रास, बाजार समितीच्या ओट्यावरचा ढीग, गोदामातले उंदीर, अशा प्रत्येक मुक्कामावर भर पडत जाते.

हे जंतू मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या थरावर, म्हणजे कोंड्यावर असतात. दाण्याच्या पोटावर एक खोल चीर असते. गहू हातात घेऊन पाहा, ती स्पष्ट दिसते. धूळ आणि जंतू यांचे ते लपण्याचे ठिकाण. वरवरच्या धुण्याने तिथली घाण पूर्ण निघत नाही. मैद्यात कोंडा वेगळा काढलेला असतो, म्हणून त्यात जंतूंची संख्या तुलनेने कमी. आपण मात्र अख्ख्या गव्हाचे पीठ खातो आणि तेच पौष्टिक आहे. कोंडा टाकू नका. मात्र कोंडा खायचा तर दाणा दळण्याआधीच स्वच्छ हवा, हे समजून घ्या.

जाते जंतू मारत नाही

गिरणीतून आलेले पीठ हाताला चटका बसेल इतके गरम असते. त्यामुळे पुष्कळांचा समज असा, की दळतानाच सगळे जंतू मरून जातात. तसे होत नाही. ती उष्णता क्षणभराची आणि कोरडी असते, आणि कोरड्या ठिकाणी जंतू फार चिवट होतात. साल्मोनेला कोरड्या पिठात कित्येक महिने तग धरतो. तिथे तो वाढत नाही, पण मरतही नाही. ओल मिळण्याची वाट पाहत बसतो.

गव्हाबरोबर किडेही रगडले जातात, असे आपण म्हणतो. जंतूंच्या बाबतीत एवढाच फरक, की ते रगडले जाऊनही जिवंत राहतात आणि चार घाणेरड्या दाण्यांवरचे जंतू सगळ्या पिठात सारखे पसरतात. म्हणून जी काळजी घ्यायची ती दळणाआधी. दळण झाले की चाळणीने कोंडा निघेल, अळी निघेल, जंतू निघणार नाहीत.

‘तव्यावर सगळे मरते ना?’

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. पोळी फुगते ती आतल्या वाफेने. त्या वाफेत साल्मोनेला, ई. कोलाय यांचा टिकाव लागत नाही. नीट भाजलेली पोळी सुरक्षित असते, याबद्दल मनात शंका नको. आपल्याकडे पिठामुळे घरोघर माणसे आजारी पडत नाहीत, त्याचे श्रेय तव्याला आहे. पण तव्याची सत्ता जिथे चालत नाही अशा चार जागा आहेत.

पहिली जागा कच्च्या पिठाची. अमेरिकेत २०१५-१६ साली कच्च्या पिठातल्या ई. कोलायमुळे साठहून अधिक माणसे आजारी पडली. त्यांत उपाहारगृहात खेळायला दिलेला कच्च्या पिठाचा गोळा हाताळलेली मुलेही होती. न्यूझीलंडमध्ये २००८-०९ साली कच्च्या पिठातून साल्मोनेलाची साथ पसरली होती. आपल्याकडे पोळ्या करताना मूल रडू लागले, की आई कणकेचा लहानसा गोळा हातात देते आणि मूल त्याची चिमणी करते. चिमणी जरूर करू द्या. फक्त ती तोंडात जाऊ देऊ नका आणि खेळ झाल्यावर हात धुवा.

दुसरी जागा अर्धवट शिजवलेल्या अन्नाची. बाळाची पेज ‘पातळच तर आहे’ म्हणून एका उकळीत उतरवली जाते. ज्याची प्रतिकारशक्ती सर्वांत कमी त्याच्या वाट्याला सर्वांत कमी शिजलेले अन्न येते. मोड आणलेल्या गव्हाच्या सत्त्वाबाबत तर अधिक काळजी हवी, कारण मोड येण्यासाठी लागणारी ओल आणि ऊब जंतूंनाही हवीच असते. असे सत्त्व खडखडीत वाळवून, खमंग भाजून दळावे आणि पेज पाच-सात मिनिटे तरी रटरटू द्यावी.

तिसरी जागा बीजाणूंची. काही जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू तयार करतात. ते शिजवूनही उरतात. दुपारी केलेली लापशी किंवा खीर उकाड्यात रात्रीपर्यंत तशीच ठेवली, की त्यांना अंकुर फुटतात. पाव आतून चिकट होऊन त्याला तार सुटते, तेही अशाच बीजाणूंचे काम.

चौथी जागा सर्वांत गंभीर, ती बुरशीच्या विषाची. बुरशी तव्यावर मरते, पण तिने दाण्यात सोडलेले विष तव्याच्या आचेने पुरते नाहीसे होत नाही. १९८७ साली काश्मीर खोऱ्यात याचा अनुभव आला. पावसात भिजून बुरशी लागलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव खाऊन हजारो लोकांना पोटदुखी, घशाची जळजळ व जुलाब सुरू झाले. काहींच्या शौचातून रक्त पडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला, तेव्हा पिठात बुरशीची विषे सापडली. त्या लोकांनी पाव कच्चा खाल्ला नव्हता, भट्टीत भाजलेलाच खाल्ला होता.

धुण्यातले खरे-खोटे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गहू धुवावा की नाही? माझे मत असे : कडकडीत ऊन असेल तर जरूर धुवावा, नसेल तर मुळीच धुवू नये. अर्धवट वाळलेला धुतलेला गहू हा न धुतलेल्या कोरड्या गव्हापेक्षा वाईट.

कारण सोपे आहे. दाण्यात १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर बुरशी वाढू शकत नाही. तो १४ टक्क्यांच्या वर गेला, की आपल्याकडच्या उबदार हवेत बुरशी डोके वर काढते. धुताना आपण काही जंतू वाहून नेतो, पण उरलेल्यांना तहान भागेल एवढे पाणीही पाजतो. त्यानंतर ऊन मिळाले नाही तर दीड-दोन दिवसांत धुण्याचा फायदा संपतो आणि तोटा सुरू होतो. शिवाय धुण्याचे पाणी कोणते? पावसाळ्यात गढूळ विहिरीच्या पाण्याने गहू धुणे म्हणजे दाण्यावर नसलेले जंतूही त्यावर आणून बसवणे. ‘स्वच्छता’ या शब्दाने आपली फसगत होते ती इथे. दाणा डोळ्यांना उजळ दिसतो म्हणून आपण निर्धास्त होतो.

आपल्या आज्या हे जाणत होत्या. वर्षाचा गहू उन्हाळ्यात घ्यायचा, ऊन देऊन मग कणगीत भरायचा. कुरडयांसाठी गहू भिजवायचा तोही चैत्र-वैशाखात, पाणी रोज बदलायचे, चीक शिजवायचा आणि कुरडई खडखडीत वाळवायची. या सगळ्याला एक कालगणना होती. गहू धुण्याची चाल आपण ठेवली, पण धुण्याचा महिना विसरलो.

मोठ्या गिरण्या काय करतात?

रवा-मैद्याच्या मोठ्या गिरण्यांतही गहू दळण्याआधी बरेच काही होते. चाळण्या, हवेचा झोत, खडे वेगळे करणारे यंत्र, लोखंडाचे तुकडे ओढून घेणारे चुंबक आणि दाण्यांवरची धूळ घासून काढणारी घासणी अशा पायऱ्यांतून तो जातो. नंतर त्याला मोजून पाणी देतात आणि काही तास ते एक दिवसभर मुरवत ठेवतात. ओलावा साधारण १६ टक्क्यांवर आणतात. त्यामुळे कोंडा चिवट होतो आणि सहज सुटा होतो. करंज्यांसाठी गहू ओलवून, बांधून ठेवून, दुसऱ्या दिवशी दळून सपीट आणि रवा काढणाऱ्या गृहिणींना यात नवीन काहीच वाटणार नाही.

पण हीच पायरी जंतूंच्या दृष्टीने नाजूक असते. पाणी अस्वच्छ असेल, मुरवण्याच्या टाक्या वेळेवर साफ होत नसतील, तर जंतू कमी होण्याऐवजी वाढतात. म्हणून काही देशांत क्लोरीन घातलेले पाणी वापरतात. ओझोनचे आणि वाफेचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी मुरवण्याच्या पाण्यात लॅक्टिक आम्लासारखी सौम्य आम्ले आणि मीठ घालून पाहिले, तेव्हा दाण्यावरचे जंतू बरेच कमी झाले. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल. गव्हाचा चीक आंबतो त्यातही तेच असते.

यांपैकी कोणताही उपाय पीठ निर्जंतुक करत नाही. जंतूंची संख्या कमी होते, शून्य होत नाही. फार उष्णता दिली तर जंतू मरतात, पण पिठाचा चिकटपणाही जातो आणि पोळी तुटते. तेव्हा पिशवीतले तयार पीठ असो की कोपऱ्यावरच्या गिरणीतले, दोन्ही कच्चेच समजावे.

घरी काय करावे?

एक, आधी कोरडी सफाई. चाळणे, पाखडणे, निवडणे ही तीन कामे धुण्यापेक्षा महत्त्वाची आहेत. काळ्या टोकाचे, गुलाबी झाक असलेले, खडूसारखे पांढरे, सुरकुतलेले आणि पोकळ दाणे काढून टाकावेत. बुरशीचे विष मुख्यतः अशाच दाण्यांत असते. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर त्या वेचून तो गहू सरळ दळायला देऊ नये. तो धुवायचाच आहे, म्हणून उन्हाची वाट पाहावी.

दोन, धुवायचा तर चांगले ऊन असताना, सकाळी लवकर, पिण्याच्या पाण्याने, थोडा थोडा आणि झटपट धुवावा. भिजत ठेवू नये. वर तरंगणारे दाणे काढून टाकावेत. ते हलके असतात, कारण आतून किडीने वा बुरशीने खाल्लेले असतात. मग फडक्यावर एक थर पसरून, तासातासाने हात फिरवून त्याच दिवशी वाळवावा. संध्याकाळी आत घ्यावा, दवात ठेवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यावे.

तीन, वाळला की नाही याची परीक्षा घ्यावी. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. चेपला तर ओला समजावा. आणखी एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गहू आणि चमचाभर खडखडीत कोरडे बारीक मीठ घालावे, झाकण लावून थोडा वेळ हलवावे आणि ठेवून द्यावे. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर गव्हात १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे. नाही चिकटले तरी आणखी एक ऊन दिलेले बरे.

चार, पावसाळ्यात धुणे बंद. चाळावे, पाखडावे, निवडावे, कोरड्या जाड फडक्याने चोळून घ्यावे आणि दळावे. आठवडा-दहा दिवसांपुरतेच दळण आणावे.

पाच, गिरणीतून आलेले पीठ पसरून निवू द्यावे आणि मगच डब्यात भरावे. गरम पिठावर झाकण लावले की आत पाणी सुटते आणि गुठळ्या होतात. जुन्या पिठावर नवे ओतू नये. डबा रिकामा करून, पुसून, वाळवून भरावा. कुबट वासाचे पीठ ‘भाजल्यावर वास जातो’ म्हणून वापरू नये. वास जाईल, विष राहील.

सहा, किडीसाठी धान्यात टाकायच्या विषारी वायूच्या गोळ्या घरात कदापि वापरू नयेत. राहत्या खोलीत त्यांनी माणसांचे प्राण गेले आहेत. मुळात दाणा कोरडा असला की कीडही कमी आणि बुरशीही कमी.

सगळे ओझे गृहिणीवरच का?

इतके लिहून थांबलो तर मीही त्या शिबिरातल्या डॉक्टरसारखाच ठरेन. शेतात, ओट्यावर, गोदामात माजलेली घाण सुपात आणून टाकायची आणि ‘बाई, नीट पाखड’ म्हणायचे, हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि ज्या घरात बाई दिवसभर मजुरीला जाते, तिला उन्हात गहू राखत बसायला सवड कुठली?

बाजार समितीच्या ओट्यावर गव्हाच्या ढिगाशेजारी कुत्री झोपलेली आणि कबुतरे बसलेली आपण रोज पाहतो. ओट्याला छप्पर, चारही बाजूंनी जाळी आणि ओलावा मोजण्याचे यंत्र एवढे तरी प्रत्येक समितीत हवे. हे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. लिलावात ते भाव पाडण्यासाठी बाहेर काढू नये. शेतकऱ्याला माल आणण्याआधी मोजून घेण्यासाठी ते खुले असावे. ओला माल घेऊन आलेल्याला एक दिवस वाळवायला स्वच्छ फरशी मिळाली तर तो रस्त्यावर गहू पसरणार नाही.

अवकाळी पावसाचे संकट आता नेहमीचे झाले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरलेला नाही. उभा गहू ओंबीतच भिजला. २०२३ साली अशाच पावसानंतर केंद्र सरकारने काही राज्यांत चकाकी गेलेल्या व सुरकुतलेल्या गव्हाच्या खरेदीचे निकष सैल केले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता ते योग्यच होते, त्याने काय पाप केले? पण असा माल वेगळा ठेवून, वाळवून, निवडून मगच पुढे गेला पाहिजे. शेतकऱ्याला दिलेली सवलत रेशनच्या पिशवीतून खाणाऱ्याच्या पोटावर येऊ नये.

गिरणीवाल्या बंधूंनाही एक विनंती. ओलसर दळण आले तर नम्रपणे परत करा. गिऱ्हाईक रागावेल, पण ओल्या दळणाने तुमच्या दगडाला चिकटलेले पीठ पुढच्या चार घरांत जाते. दगड आणि पिठाची पिशवी आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ करा आणि जमिनीवर सांडलेले पीठ डब्यात भरू नका.

त्या आजींना मी नंतर सांगून पाठवले, की चूक तुमच्या सुनेची नव्हती, माझ्या अर्ध्या सल्ल्याची होती. पुढच्या शिबिरात ‘धान्य धुवा’ असे मी म्हणणार नाही. ‘धान्य निवडा, ऊन असेल तर धुवा, आणि धुतले तर खडखडीत वाळवा’ असे म्हणेन. वाक्य लांबले, पण एका बाळाच्या बसलेल्या टाळूने ते मला शिकवले आहे.